चूक माणसाची की पॅनेलची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या कामाच्या जागी एखादी चूक झाली किंवा अपघात थोडक्यात टळला तर त्यानंतर नेमकं काय होतं. पत्रं भरपूर आली, प्लांटमधून, हॉस्पिटलमधून, सॉफ्टवेअरवाल्यांकडून, आणि बहुतेकांत एकच तक्रार होती की चौकशी शेवटी येऊन थांबते ती ज्याचा हात बटणावर होता त्याच्यापाशी. निवडक प्रश्न घेतलेत, नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

नमस्कार मॅडम, मी प्रोसेस प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये पॅनेल बघतो. मध्यंतरी आमच्याकडे टँक ओव्हरफ्लो झाला. स्क्रीनवर इनलेट वॉल्व्ह बंद दाखवत होता म्हणून मी दुसऱ्या युनिटच्या कामाला लागलो, आणि वॉल्व्ह प्रत्यक्षात अर्धवट उघडाच अडकला होता. रिपोर्टमध्ये कारण म्हणून फक्त "ऑपरेटरने लेव्हलकडे लक्ष दिले नाही" असं लिहिलंय आणि मला रिफ्रेशर ट्रेनिंगला पाठवलं. ट्रेनिंगला माझी ना नाही, पण माझं खरंच चुकलं का?
– पॅनेल ऑपरेटर

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी मी तुमची चूक म्हणणार नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी मुख्य प्रश्न विचारलेलाच दिसत नाही. स्क्रीनवरचं ते "बंद" येतं कुठून? वॉल्व्हवर लिमिट स्विच आहे आणि तो खरी पोझिशन सांगतोय, की सिस्टीमनं बंद व्हायचा सिग्नल पाठवला म्हणून स्क्रीननं बंद दाखवून टाकलं? बऱ्याच ठिकाणी दुसरा प्रकार असतो आणि तिथं काम करणाऱ्यांना तो माहीतच नसतो.

हा फरक किती महागात पडतो ते 28 मार्च 1979 ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दिसलं. पहाटे चारच्या सुमाराला फीडवॉटरचे पंप बंद पडले, प्रेशर वाढलं, ते सोडायला रिलीफ वॉल्व्ह उघडला, रिॲक्टर ट्रिप झाला म्हणजे आपोआप बंद पडला, इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. प्रेशर उतरल्यावर वॉल्व्ह बंद व्हायला हवा होता, तो उघडाच अडकला. पण पॅनेलवरचा दिवा मात्र विझला, कारण वॉल्व्हच्या सोलेनॉइडला (वॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलला) करंट जातोय का एवढंच तो दिवा सांगत होता. ऑपरेटरांनी विझलेला दिवा बघितला आणि वॉल्व्ह बंद झाला असं धरलं. त्या खुर्चीत दुसरं कोणीही असतं तरी तेच धरलं असतं.

आता कोणी म्हणेल बाकीची मीटरं होती की. होती ना. वॉल्व्हच्या पुढच्या पाइपचं टेम्परेचर जास्त दाखवत होतं, पण तो वॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत होता त्यामुळे तिथं जास्त आकडा बघायची सगळ्यांना सवयच झालेली. उघड्या वॉल्व्हमधून निसटणारं पाणी ज्या टाकीत जाऊन साठत होतं तिचा प्रेशर गेज मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला, म्हणजे जागेवरून उठून गेल्याशिवाय दिसणारच नाही. शंभराच्या वर अलार्म एकदम आलेले आणि ते छापणारा प्रिंटर मागे पडलेला. त्यात प्रेशरायझरची (रिॲक्टरच्या पाण्याचं प्रेशर सांभाळणाऱ्या टाकीची) लेव्हल वर चढत होती, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की सिस्टीममध्ये पाणी जास्त झालंय, आणि प्रेशरायझर काठोकाठ भरू द्यायचा नाही हे ट्रेनिंगमध्ये अगदी घोकून घेतलेलं, म्हणून त्यांनी इमर्जन्सी कूलिंगचं पाणी उलट कमी केलं. त्याच पाइपवरचा पुढचा, गळती अडवू शकणारा ब्लॉक वॉल्व्ह बंद झाला तो जवळपास दोन तास वीस मिनिटांनी, पुढच्या शिफ्टला आलेल्या माणसामुळे. रिॲक्टरच्या गाभ्याचा साधारण अर्धा भाग त्या दिवशी वितळला.

याच्या दीड वर्ष आधी, सप्टेंबर 1977 मध्ये, डेव्हिस-बेसी नावाच्या केंद्रात तसाच वॉल्व्ह तसाच उघडा अडकला होता आणि तिथल्या ऑपरेटरांनीही पाणी कमी केलं होतं, फक्त तिथं रिॲक्टर अगदी कमी पॉवरवर होता आणि वॉल्व्हची गोष्ट लवकर लक्षात आली म्हणून निभावलं. तो धडा थ्री माइल आयलंडच्या ऑपरेटरांपर्यंत पोचलाच नाही. मला तुमच्या रिपोर्टची काळजी वाटते ती यासाठी. "लक्ष दिले नाही" असं लिहून फाइल बंद केली की शेजारच्या युनिटवर तसाच वॉल्व्ह तसाच दाखवत बसतो आणि उद्या तिथं दुसरा कोणीतरी असतो.

तुम्ही एक करा, डोक्यात ताजं आहे तोवर त्या वेळचं सगळं क्रमानं लिहून काढा. कुठली स्क्रीन उघडी होती, कुठले अलार्म वाजत होते, फोन कोणाचा आला होता, हा वॉल्व्ह आधी कधी अडकला होता का आणि तेव्हा कोणाला सांगितलं होतं. मागाहून सगळ्यांनाच सगळं स्पष्ट दिसतं, तुम्हाला त्या मिनिटाला काय दिसत होतं ते कागदावर यायला हवं. आणि लेखी मागा की कमांड आणि खरी पोझिशन स्क्रीनवर वेगवेगळी दाखवा, दोन्ही जुळली नाहीत तर अलार्म येऊ दे, आणि टँकला हाय लेव्हलचा स्वतंत्र ट्रिप असू दे जो या वॉल्व्हच्या भरवशावर नाही.

मी आयसीयूमध्ये नर्स आहे. मॉनिटर, व्हेंटिलेटर, इन्फ्युजन पंप, सगळं सतत वाजत असतं आणि त्यातलं बरंचसं उगाच असतं, पेशंट हलला, प्रोब निघाला वगैरे. सहकारी कधी कधी अलार्म सायलेंट करून ठेवतात. मीटिंगमध्ये दरवेळी एकच सांगतात, "अलार्मकडे नीट लक्ष द्या." कसं द्यायचं?
– स्टाफ नर्स

"लक्ष द्या" हा उपाय नाहीच मुळी. 1948 साली नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञानं प्रयोग करून दाखवलं की एकटक नजर ठेवायच्या कामात साधारण अर्ध्या तासातच माणसाच्या नजरेतून खुणा निसटायला लागतात, आणि ही माणसं आळशी नव्हती, त्यांना त्यासाठीच बसवलेलं होतं. तुमच्याकडे तर त्याच वेळी औषधं, नातेवाईक, नोंदी सगळं चालू असतं. जो आवाज बहुतेक वेळा खोटा निघतो त्याला मेंदू हळूहळू उत्तर द्यायचं सोडतो, हे कोणाच्याही बाबतीत होईल.

अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं 2013 मध्ये याच्यावर खास इशारा काढला होता. 2009 ते 2012 या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित 98 गंभीर घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या 80 मध्ये पेशंट दगावले. या फक्त स्वतःहून कळवलेल्या घटना, म्हणजे प्रत्यक्षात जास्तच असणार.

कारखान्यांनी हे आधी भोगलंय. 1994 च्या जुलैमध्ये वेल्समधल्या मिलफोर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला, त्याच्या आधीच्या जेमतेम अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर 275 अलार्म आले. म्हणजे दर दोन-तीन सेकंदांना एक, यात वाचणार काय आणि ठरवणार काय? (तिथंही एक वॉल्व्ह स्क्रीनवर उघडा दिसत होता आणि प्रत्यक्षात बंद होता, वरच्या पत्रातल्या भाऊंनी हे वाचावं.) त्यानंतर त्या क्षेत्रात जी मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात एक साधी कसोटी आहे: अलार्म आला की माणसानं काहीतरी करायचं असतं, करण्यासारखं काही नसेल तर तो अलार्म नव्हे, ती नुसती माहिती, ती आवाज न करता दाखवा. सगळं सुरळीत चालू असताना एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नये असंही त्यात म्हटलंय. आयसीयूत हा आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही पण तुमच्या वॉर्डात किती येतात हे मोजायला काय हरकत आहे? बहुतेक मॉनिटरमधून लॉग काढता येतो, बायोमेडिकलवाल्यांना सांगा.

मग सगळ्यात जास्त वाजणारे चार-पाच अलार्म घेऊन डॉक्टरांबरोबर बसा. लिमिट कंपनीनं टाकलेली डिफॉल्टच आहे का, त्या पेशंटसाठी बदलायला हवी का, ऑक्सिजन सॅच्युरेशन क्षणभर खाली जाऊन परत वर येत असेल तर काही सेकंदांचा डिले ठेवता येईल का. ईसीजीचे इलेक्ट्रोड रोज बदलले आणि लावण्याआधी त्वचा नीट साफ केली तर खोटे अलार्म कमी होतात हे बऱ्याच वॉर्डांत दिसलंय. हे एकट्या नर्सनं गुपचूप करायचं काम नाही, लिमिट कोणी बदलायची हे लिहून ठरलेलं असायला हवं. तोपर्यंत सायलेंट करणाऱ्या सहकाऱ्याला दोष देऊ नका, पण सायलेंट केलेला पेशंट कुठला हे हँडओव्हरमध्ये तोंडानं सांगा.

आम्ही सॉफ्टवेअर लिहितो. स्पष्ट वॉर्निंग देऊनसुद्धा यूजर न वाचता ओके दाबतात आणि मग डेटा गेला म्हणून आमच्याकडे येतात. याच्यात आमचा काय दोष?
– सॉफ्टवेअर डेव्हलपर

तुम्हाला थेराक-25 ची गोष्ट सांगते, जरा सविस्तर, कारण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

हे कॅन्सरवर रेडिएशन द्यायचं मशीन. 1985 ते 1987 मध्ये या मशीननं सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला, त्यातले काही जण त्यातूनच गेले. मार्च 1986 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायलर गावच्या केंद्रात ऑपरेटर बाई नेहमीसारखं टाइप करत होत्या, मोडच्या जागी चुकून एक्स (एक्स-रे) पडलं, हवं होतं ई (इलेक्ट्रॉन). त्यांनी कर्सर वर नेऊन झटकन दुरुस्त केलं, रोज करून करून हात बसलेला, आणि ट्रीटमेंट सुरू केली. स्क्रीनवर आलं "मालफंक्शन 54". म्हणजे काय? मॅन्युअलमध्ये कामाचा असा खुलासाच नव्हता. शिवाय डोस ठरल्यापेक्षा खूप कमी गेलाय असं दिसत होतं. मशीन दिवसातून कितीतरी वेळा असे कोड देऊन थांबायचं आणि पी दाबलं की पुढे जायचं, तसं त्यांनी पी दाबलं. आत पेशंटला पहिला झटका बसलेलाच होता, तो उठायच्या प्रयत्नात असताना दुसरा बसला. नेमकं त्या दिवशी खोलीतला इंटरकॉम बंद होता आणि कॅमेऱ्याचा मॉनिटर लावलेला नव्हता.

तीन आठवड्यांत त्याच केंद्रात, त्याच ऑपरेटरच्या हातून परत तेच झालं. मग त्या बाई आणि तिथले फिजिसिस्ट मशीनसमोर बसले, त्या दिवशी आपण काय काय दाबलं होतं ते त्यांना आठवत होतं, ते पुन्हा पुन्हा करून बघितलं आणि शेवटी सापडलं: दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत केली तर स्क्रीनवर नवीन मोड दिसतो पण मशीनच्या आत सगळं जुळलेलं नसतं. हळू टाइप करणाऱ्याच्या हातून हा दोष बाहेर आलाच नसता. आणि आधीच्या मॉडेलमध्ये असे घोटाळे अडवायला हार्डवेअरचे इंटरलॉक (धोक्याची क्रिया होऊच न देणारी कुलपं) होते, या मॉडेलमध्ये ते काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की लोक न वाचता ओके दाबतात ते तुमच्याच आधीच्या पन्नास वॉर्निंगांनी त्यांना शिकवलेलं असतं. परत घेता येण्यासारख्या गोष्टीला विचारूच नका, अनडू द्या. जे परत घेता येत नाही तिथं "खात्री आहे का" न विचारता काय जाणार ते सांगा, किती फाइली, कुठल्या नावाच्या, आणि ओकेच्या जागी "342 नोंदी काढून टाका" असं लिहा. आणि जो दाबतो त्याच्या शेजारी एखादा दिवस बसा.

सगळं पूर्ण ऑटोमॅटिक झालं की ह्यूमन एररचा विषयच संपेल ना? सर म्हणतात संपेल.
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

सरांशी मी सहमत नाही. 1983 मध्ये लिझॅन बेनब्रिज यांनी एक छोटासा पेपर लिहिला, "आयरनीज ऑफ ऑटोमेशन", तो शोधून वाचच, अजून जुना झालेला नाही. त्यांचं म्हणणं असं की सोपं काम मशीनला दिलं की माणसाकडे उरतं ते मशीनला न जमणारं काम, तेही क्वचित, अचानक आणि सगळ्यात वाईट वेळी, आणि रोजचा हात चालू नसल्यामुळे तोपर्यंत त्याचं कौशल्य गंजलेलं असतं.

एअर फ्रान्स 447, 1 जून 2009, रिओहून पॅरिसला. रात्रीची वेळ, समुद्रावर, वेग मोजणाऱ्या पिटो ट्यूबमध्ये बर्फाचे कण अडकले, वेगाचे आकडे चुकले, ऑटोपायलटनं काम सोडलं आणि विमान पायलटांच्या हातात आलं. एवढ्या उंचीवर हातानं विमान उडवायचा सराव त्यांना जवळजवळ नव्हताच. नाक वर ओढलं गेलं, विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना उचल मिळेना आणि ते खाली पडायला लागलं. आणि पुढचं बघ, वेगाचा आकडा साठ नॉटच्या खाली गेला की सिस्टीम तो अवैध धरायची आणि स्टॉल वॉर्निंग बंद व्हायची. म्हणजे नाक खाली आणलं, जे बरोबर होतं, की वॉर्निंग परत सुरू, आणि नाक वर ओढलं की शांत. त्या अंधारात त्या माणसांना मशीन काय सांगत होतं याचा विचार कर. ऑटोपायलट सुटल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत विमान समुद्रात पडलं, 228 जण गेले.

ऑटोमेशन नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, त्यानं खूप जीव वाचवलेत. पण डिझाइन करशील तेव्हा माणसाच्या हातात काम येईल त्या मिनिटाला त्याच्यासमोर काय असेल ते आधी रेखाट.

सीनियरचं काहीतरी चुकतंय असं दिसतं पण बोलायची हिंमत होत नाही. बोललो तर राग, नाही बोललो तर धाकधूक.
– ज्युनिअर डॉक्टर

27 मार्च 1977 ला टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. टेकऑफ सुरू झाल्यावर त्यातल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं होतं की ते पॅन अ‍ॅमचं (दुसरं) विमान रनवेवरून बाजूला झालेलं नाही का. कॅप्टननं ठामपणे झालंय म्हटलं आणि तो गप्प बसला. कॅप्टन कंपनीतला अत्यंत मान असलेला ट्रेनर होता. पुढच्या वर्षी पोर्टलंडजवळ आणखी एक विमान पडलं, लँडिंग गिअरचा घोळ निस्तरता निस्तरता इंधनच संपलं, इंधनाबद्दल बाकीचे बोलत होते पण नुसतं सुचवल्यासारखं. यानंतर विमान कंपन्यांनी सगळ्या क्रूला एकत्र बोलायचं, ऐकायचं शिक्षण देणं सुरू केलं, आणि महत्त्वाचं म्हणजे कॅप्टनलाही ते सक्तीचं केलं.

म्हणून पहिली जबाबदारी तुमच्या सीनियरची. ऑपरेशनच्या आधी त्यांनी "काही खटकलं तर लगेच बोला" एवढं एक वाक्य म्हटलं तरी फरक पडतो. तुमच्या बाजूनं सांगायचं तर मोघम बोलू नका, "सर, एकदा बघायचं का" हे गडबडीत ऐकूच जात नाही. नाव घ्या, दिसतंय ते सांगा, काय हवंय ते सांगा: "सर, प्रेशर साठवर आलंय, मला काळजी वाटतेय, दोन मिनिटं थांबूया." परत एकदा म्हणा. तरी नाही ऐकलं तर तिसऱ्या माणसाला बोलवा. राग येईल कदाचित, पण तो नंतर निस्तरता येतो.

चेकलिस्टवर सगळे डोळे मिटून टिक करतात. बंद करावी का?
– शिफ्ट सुपरवायझर

बंद करू नका, छोटी करा. डब्ल्यूएचओच्या शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टमध्ये 19 गोष्टी आहेत, आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून बघितली तेव्हा मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आलं. पण तिथं एक जण मोठ्यानं वाचतो आणि बाकीचे हातातलं काम थांबवून उत्तर देतात. एकट्यानं शिफ्टच्या शेवटी भरायचा फॉर्म म्हणजे चेकलिस्ट नव्हे. ज्या ओळीनं गेल्या वर्षभरात काहीच पकडलं नाही आणि जी चुकली तरी काही बिघडत नाही ती ओळ काढा, लिस्ट वापरणाऱ्यांनाच काढू द्या.

कोणालाच शिक्षा करायची नाही म्हटलं तर शिस्त राहील का? आम्ही नीअर मिसची (थोडक्यात टळलेले अपघात कळवायची) पेटी लावणार आहोत पण मला हीच भीती वाटते.
– प्लांट मॅनेजर

भीती रास्त आहे, आणि शिक्षा कधीच नाही असं कोणी म्हणतही नाही. दारू पिऊन कामावर आलेला, किंवा धोका माहीत असून स्वतःच्या सोयीसाठी इंटरलॉक बायपास करणारा, हे वेगळे. बाकीच्यांसाठी एक कसोटी वापरतात: त्याच ट्रेनिंगचा, तेवढ्याच अनुभवाचा दुसरा माणूस त्याच वेळी त्याच जागी ठेवला तर त्यानंही तेच केलं असतं का? उत्तर हो असेल तर माणूस बदलून काही होणार नाही. आणि इंटरलॉक सगळेच बायपास करत असतील तर मग तो इंटरलॉक कामात इतका का आडवा येतोय ते आधी बघा, बऱ्याचदा प्रॉडक्शनचं टार्गेट गाठायला तेच करावं लागतं आणि वरच्यांना ते ठाऊकही असतं.

अमेरिकेत 1976 पासून पायलट आणि इतरांकडून असे रिपोर्ट घेतात. नियम मोडल्याची कारवाई करणारं खातं वेगळं आणि रिपोर्ट घेणारी संस्था वेगळी, ते काम नासाकडे आहे. दहा दिवसांच्या आत स्वतःहून कळवलं आणि मुद्दाम केलेलं किंवा गुन्हा नसेल तर दंडातून सूट मिळते, रिपोर्टमधून नाव काढून टाकतात. तुमच्याकडेही पेटीची किल्ली माणसांचं अप्रेझल लिहिणाऱ्याच्या खिशात असू नये. शक्य असेल तर ती कामगारांनी निवडलेल्या माणसाकडे द्या.

आणि लोक रिपोर्ट द्यायचं थांबवतात ते शिक्षेच्या भीतीइतकंच पुढे काही होत नाही म्हणूनही. पेटी लावायच्या आधी ठरवा की आलेल्या प्रत्येक चिठ्ठीवर काय केलं ते कोण कळवणार आणि किती दिवसांत, "सध्या करता येणार नाही, कारण अमुक" हे उत्तरही चालेल पण ते बोर्डावर लागायला हवं. हे अजून ठरत नसेल तर पेटी थोडी उशिरा लावा.